लहान मुलांसह घाटप्रवास : थांबायचे कुठे, हे आधी ठरावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकासह बहुतेक सर्व वर्तमानपत्रांतून घाटवाटांची हिरवीगार छायाचित्रे येऊ लागतात आणि पुण्या-मुंबईकडच्या घराघरांतून शनिवार-रविवारचे बेत ठरू लागतात. त्याच वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर दरड कोसळल्याच्या, वाहनांच्या रांगा लागल्याच्या आणि अपघातांच्या बातम्याही असतात. या दोहोंच्या मध्ये जी माहिती हवी असते, म्हणजे दीड वर्षाचे आणि पाच वर्षांचे मूल बरोबर घेऊन घाट उतरायचा असेल तर प्रवास कसा आखावा, ती मात्र फारशी वाचायला मिळत नाही. दोन लहान मुलांची आई या नात्याने त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. मुलांना घेऊन घाटातून जाताना किती किलोमीटर जायचे यापेक्षा कुठे कुठे थांबायचे हे आधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवता यावे यासाठी आपल्या घाटांत थांबण्याजोग्या जागा असल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. यातले पहिले काम पालकांचे आहे आणि दुसरे रस्ते सांभाळणाऱ्या खात्यांचे.

उदाहरणादाखल पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर या मार्गाने माणगाव आणि तिथून म्हसळ्यावरून दिवेआगर किंवा श्रीवर्धन हा रस्ता घेते. कोकणात जाणाऱ्या पुणेकर कुटुंबांचा हा नेहमीचा रस्ता आहे आणि तो देखणाही आहे. अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरच्या घरातले. मोबाइलवरचा नकाशा यासाठी साडेचार तासांच्या आसपासचा वेळ दाखवतो आणि बहुतेकांचा बेत तिथेच चुकतो. नकाशाला गाडीचा वेग कळतो. मुलाची भूक, झोप आणि शू कळत नाही. लहान मुले बरोबर असतील तर नकाशातल्या वेळेची सरळ दीडपट धरावी आणि मुक्कामी पोहोचण्याची वेळ कुणालाही ठामपणे सांगू नये, कारण वेळ गाठायची घाई झाली की पहिला बळी थांब्याचा जातो. सकाळी सहाच्या सुमारास निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला समुद्रकाठी पोहोचले तर प्रवास उत्तम झाला असे समजावे. लवकर निघण्याचा दुसरा लाभ असा की भूगाव-पिरंगुटच्या गर्दीतून गाडी वेळेत बाहेर पडते, त्या पट्ट्यात मुले अर्धवट झोपेत असतात आणि प्रत्यक्ष घाट लागतो तेव्हा न्याहारी होऊन ती ताजीतवानी झालेली असतात.

थांब्यांची आखणी नकाशा पुढ्यात घेऊन आदल्या रात्री करावी. पौड हा पहिला थांबा. इथेच पेट्रोल आणि गाडीच्या चाकांतली हवा पाहून घ्यावी, मुलांना एकदा खाली उतरवावे आणि रोख सुटे पैसे जवळ आहेत का ते तपासावे, कारण पुढे फोनला रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. दुसरा थांबा मुळशीच्या जलाशयाकाठी, जिथे आवारात गाडी लावण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे अशा एखाद्या उपाहारगृहात घ्यावा. ते कोणते, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून ठेवणे चांगले. घाट उतरल्यावर विळे किंवा निजामपूर हा तिसरा थांबा आणि माणगाव हा चौथा. सरळ रस्त्यावर मूल दीड तास निभावून नेते, पण वळणांच्या रस्त्यावर पाऊण तासाने त्याला जमिनीवर पाय टेकवायला मिळाले पाहिजेत. अडचण अशी आहे की मुळशीचा जलाशय मागे पडल्यापासून विळ्यापर्यंत, म्हणजे नेमक्या घाटाच्या अवघड पट्ट्यात, मुलाला निर्धास्तपणे उतरवता येईल अशी जागा शोधावी लागते. याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी गाडी लागण्याविषयी लिहिले पाहिजे, कारण मुलांच्या घाटप्रवासाचा सारा आनंद यावर अवलंबून असतो आणि घरोघरी याबाबत चुकीच्या समजुती आहेत. गाडी लागते ती पोटामुळे नव्हे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती मेंदूला सांगते की शरीर हलते आहे, वळते आहे. त्याच वेळी डोळे जर गाडीतल्या स्थिर वस्तूवर, पुढच्या आसनाच्या पाठीवर किंवा हातातल्या मोबाइलवर खिळलेले असतील तर ते सांगतात की सारे जागच्या जागी आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वी मोबाइल, टॅब, चित्रांची पुस्तके आणि रंगपेट्या बंद करून ठेवाव्यात आणि मुलाला समोरच्या काचेतून लांबवर दिसणारा रस्ता, डोंगराची कड, पलीकडचा कडा पाहू द्यावा. मूल रडू नये म्हणून नेमके वळणावर त्याच्या हातात मोबाइल देणारे पालक मी प्रत्येक घाटात पाहते आणि मनापासून वाईट वाटते, कारण मुलाला गप्प बसवण्यासाठी दिलेली ती वस्तूच दहा मिनिटांनी त्याला आजारी पाडणार असते.

खाण्याचेही तसेच आहे. रिकाम्या पोटी घाट नको आणि भरल्या पोटीही नको. निघताना कपभर दूध पाजून मुलाला गाडीत बसवले की ते दूध घाटात हमखास बाहेर पडते. त्याऐवजी न्याहारीला इडली, मऊ भात, पोळीचा लाडू किंवा दशमी असे कोरडे, हलके आणि थोडेच द्यावे. घाट उतरेपर्यंत वडापाव आणि भजी यांना थांबवून धरावे. पाचसहा वर्षांच्या मुलाला आलेपाकाची लहानशी वडी चघळायला दिल्याने बरे वाटते. गाडीत उदबत्तीचा किंवा सुगंधी द्रव्याचा वास नसावा आणि पाऊस नसेल तर काच थोडी उघडी असावी. मळमळीवरचे औषध मात्र शेजारच्या घरी चालले म्हणून आपल्या मुलाला देऊ नये. या औषधांनी गुंगी येते, त्यांचे प्रमाण वजनावर ठरते आणि अगदी लहान बाळांना त्यांतली काही मुळीच चालत नाहीत. तेव्हा आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ते बरोबर घ्यावे. ओकारी होण्याआधी मूल सांगत नाही, पण दिसते. बडबडे मूल एकाएकी गप्प होते, जांभया देऊ लागते, तोंडात लाळ जमून ती वारंवार गिळते, कपाळावर घाम येतो आणि ओठांभोवतीचा भाग पांढरा पडतो. यातले पहिले लक्षण दिसताच गाडी थांबवता आली तर पुढचे सारे टळते. एक जोडी कपडे, जुना टॉवेल, पिशव्या, ओले रुमाल आणि पाण्याची बाटली या वस्तू हाताशी, मागच्या आसनावरच असाव्यात. डिकीत बॅगांच्या तळाशी ठेवलेल्या कपड्यांचा अशा वेळी काहीच उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या दोन पुड्या घ्याव्यात. त्याच्यासारखी दिसणारी गोड पेये नकोत.

पण गाडी थांबवायची कुठे? गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही घाट उतरत असताना धाकट्याचा चेहरा असाच पांढरा पडला. पुढे डावीकडे रस्ता जरासा रुंद होता, परंतु तिथे कणसे आणि भजी विकणाऱ्या टपऱ्यांपुढे दुतर्फा गाड्या लावलेल्या होत्या, काही तर थेट वळणाच्या पोटात. त्यापुढच्या मोकळ्या जागेत कठड्यालगत काचांचा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा खच होता. अखेर एका ठिकाणी गाडी बाजूला घेतली तेव्हा मागून येणाऱ्या मालमोटारीला पलीकडची बाजू घ्यावी लागली आणि समोरून वर चढणारी एसटी थांबून राहिली. दोन फूट रुंदीच्या त्या पट्टीवर मुलाला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने त्याचे कपडे बदलत मी उभी होते आणि अंगावर चिखल उडवत वाहने जात होती. एसटीच्या चालकाने रागावून एक शब्दही न बोलता हात दाखवून आम्हाला नीट उभे राहायला सांगितले आणि आम्ही आत सरकल्यावरच तो पुढे गेला. त्याचे आभार इथे मानते. असा प्रसंग रोज कितीतरी कुटुंबांवर येत असणार. तो टाळण्यासाठी पालकांनी थांबे आखावेत हे खरे, पण मुलाचे पोट आखणीप्रमाणे चालत नाही आणि म्हणून रस्त्यालाच जागा हवी.

मुलांच्या बसण्याच्या व्यवस्थेबद्दलही स्पष्टपणे लिहिले पाहिजे. बाळ आजीच्या मांडीवर सर्वांत सुखरूप असते ही आपल्या घरांतली भावना प्रेमातून आलेली आहे, पण गाडी अचानक थांबली की बाळाचे दहा किलो वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे पुढे झेपावते आणि कोणाचेही हात ते धरून ठेवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा त्याच्यासाठीच्या खास आसनाने सुरक्षित न करता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंड होवो न होवो, चाइल्ड सीट बसवावीच. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून, तीही मागच्या आसनावर असावी. एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर ती कधीही ठेवू नये. मोठ्या मुलाला उंची देणारी सीट असली की पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून जातो, आणि घाटात याचा आणखी एक उपयोग होतो : मूल उंचावर बसल्याने त्याला खिडकीबाहेरचे दिसते आणि गाडी लागण्याचे प्रमाण कमी होते. सीटची सवय मात्र घाटात लावता येत नाही. आठ-पंधरा दिवस आधी बाजारात, मंडईत जाताना मुलाला तीत बसवावे. भाड्याची गाडी घेणाऱ्यांची यात मोठी पंचाईत होते, कारण गाडी मिळते पण मुलांची सीट मागितली तर मालकाला त्याचे नवल वाटते. पर्यटकांना गाड्या देणाऱ्या व्यावसायिकांनी भाडे आकारून का होईना, ही सोय ठेवावी.

घाटात केव्हा जावे याविषयी माझे मत अनेकांना रुचणार नाही. दहा वर्षांखालची मुले बरोबर असतील तर जुलै आणि ऑगस्टमधला घाट टाळावा. ताम्हिणी परिसरात जुलै 2024 मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. अशा दिवशी रस्ता, दरड, धुके आणि ओढे यांपैकी कशाचाच भरवसा धरता येत नाही. त्याच वर्षी 30 जूनला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरातील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यांत लहान मुले होती. पाणी कमी असताना ती माणसे आत उतरली होती, आणि वर डोंगरात पडलेल्या पावसाने क्षणात लोंढा आला. तेव्हा रस्त्याकाठचा धबधबा मुलांना काठावरूनच, हात धरून दाखवावा. भारतीय हवामान विभाग आता पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो; तो नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द करावा, मग हॉटेलचे आगाऊ पैसे बुडाले तरी चालतील. वरंध घाटासारखे काही रस्ते पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदच असतात. ज्यांना कोकणात जाणे भागच आहे त्यांनी पावसाच्या दिवसांत द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून पाली-वाकण मार्गे माणगाव गाठावे. लांब पडते, पण थांबायच्या जागा अधिक मिळतात.

मुलांसाठी खरा काळ सप्टेंबरअखेर ते जानेवारी. पाऊस ओसरलेला असतो, पण कड्यांवरून पाण्याच्या धारा अजून येत असतात, सोनकीच्या पिवळ्या फुलांनी आणि तेरड्याच्या गुलाबी फुलांनी उतार भरलेले असतात आणि धुके सकाळी लवकर वितळते. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा असला तरी रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांतून करवंदे आणि जांभळे विकायला बसलेल्या मावशी भेटतात, आणि मुलांना ती चव आयुष्यभर आठवते. मुलांना घाट नुसता हिरवा दिसून पुरत नाही. त्यांना विचारायला आणि मोजायला काहीतरी लागते. समोरच्या कड्यावर जे आडवे पट्टे दिसतात ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाचे थर आहेत असे सांगितले की पाच वर्षांचे मूल ते पट्टे मोजू लागते, आणि पट्टे मोजायला ते लांब पाहते, म्हणजे गाडी लागण्यावरचा उपायही आपोआप होतो. मुळशीच्या जलाशयाचीही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी धरणाने अडवून, डोंगराच्या पोटातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडले आहे. तिथे त्याची वीज होते आणि पुढे ते कुंडलिका नदीतून कोलाडवरून समुद्राकडे जाते. आपण घाट उतरतो त्याच वेळी ते पाणीही डोंगर उतरते आहे, हे ऐकून माझी मोठी मुलगी पुढचा सारा रस्ता त्या पाण्याची चौकशी करत होती. याच धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, हे मोठ्या मुलांना सांगावे. आणि हो, घाटात मूल गाढ झोपले असेल तर धबधबा दाखवायला त्याला उठवू नये. परतताना दिसेल.

माकडांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. वरंधच्या वाघजाईपाशी, माळशेजमध्ये, खंडाळ्यात लोक गाडीच्या काचा खाली करून माकडांना बिस्किटे देतात आणि मुलांनाही द्यायला लावतात. खाऊची सवय लागलेले माकड मग लहान मुलाच्या हातातली पिशवी हिसकावते, ओरबाडते, प्रसंगी चावते. तसे झाले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. मुलांना सहलीला नेणाऱ्यांनी हा धडा मुलांसमोर गिरवू नये.

गाडी चालवणाऱ्याने मागे वळून मुलांकडे पाहू नये यासाठी मागे एक मोठे माणूस असावे. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये, अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, धुक्यात दिवे खाली ठेवावेत. या गोष्टी चालकांना माहीत असतात. मुले गाडीत असताना त्या पाळायच्या असतात. उतरताना लहानग्यांच्या कानांत दडे बसतात आणि ती रडू लागतात. अशा वेळी मोठ्या मुलांना घोटघोट पाणी द्यावे, आणि बाळ दूध पिणारे असेल तर गाडी थांबवून त्याला पाजावे. सूर्य मावळल्यावर मुलांना घेऊन घाटात शिरू नये. रविवारी संध्याकाळी परतणाऱ्यांची घाटात जी कोंडी होते तीत बाळांचे अतोनात हाल होतात. रविवारी सकाळी लवकर परत निघावे किंवा सोमवारची रजा काढावी.

आता रस्ते सांभाळणाऱ्या खात्यांविषयी. घाटात प्रवाशांनी थांबावे, पाणी प्यावे, विसावा घ्यावा यासाठी सोय करणे ही या मुलखात काही नवी गोष्ट नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात खडकात कोरलेल्या लेण्या आणि पाण्याची टाकी आजही आहेत. तिथून माल घेऊन चढणारे तांडे त्या टाक्यांचे पाणी पीत. ज्या मुलखाने बैलांच्या तांड्यांसाठी कातळ खोदला, त्या मुलखातल्या आजच्या डांबरी घाटांत मुलाला उतरवायला कठड्याआड दहा बाय दहाची जागा नसावी, हे मनाला लागते. रस्ते रुंद झाले, काही ठिकाणी क्रॅश बॅरियर आले, वळणांवर आरसेही लागले, हे मान्य केलेच पाहिजे. पण रुंदीकरणाबरोबर वेग वाढला आणि थांबण्याच्या जागा होत्या त्याही विक्रीच्या टपऱ्यांनी आणि वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्यांनी भरल्या. ताम्हिणीत लग्नाच्या वऱ्हाडाची बस वळणावर उलटून माणसे दगावली ती गोष्ट फार जुनी नाही. अशा रस्त्यावर वळणाच्या तोंडाशी उभी असलेली प्रत्येक गाडी नवे संकट ओढवून घेत असते.

प्रत्येक मोठ्या घाटात निदान दोन ठिकाणी, वळणापासून दूर आणि दरडीचा धोका नसलेल्या जागी, रस्त्यापासून कठड्याने वेगळा केलेला विसावा असावा. आठ-दहा गाड्यांची जागा, पाण्याचा नळ, स्त्रियांसाठी वेगळे आणि रोज साफ होणारे स्वच्छतागृह, आणि बाळाला पाजण्यासाठी व त्याचे कपडे बदलण्यासाठी आडोसा, एवढे तिथे पुरेल. एसटीच्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ करण्याची कल्पना आपल्याच राज्याने राबवली. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या मातेचे नाव त्या खोलीला आहे, आणि तो रायगड माणगाव-महाडच्याच परिसरात उभा आहे. तेव्हा हिरकणी कक्ष या घाटांच्या माथ्यावर आणि पायथ्याशी असण्यात विशेष औचित्य आहे. टपऱ्या हटवा असे माझे म्हणणे मुळीच नाही. कणसे भाजून विकणाऱ्या स्थानिक बायकांचा तो हंगामी आधार आहे. त्यांना या विसाव्यातच ओटे बांधून द्यावेत, जागेची देखभालही त्यांच्या बचत गटाकडे मोबदला देऊन सोपवावी. म्हणजे गिऱ्हाईक वळणावर थांबणार नाही, जागा स्वच्छ राहील आणि त्यांच्या कमाईत भर पडेल. ज्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही तिथे मदतीसाठी जवळची वस्ती, पोलीस चौकी आणि दवाखाना किती अंतरावर आहे याचे फलक लावावेत. 108 आणि 112 हे क्रमांक पाठ असून उपयोग नसतो, जर फोनच लागत नसेल.

शेवटची विनंती आपल्या दैनिकाकडे आहे आणि ती पूर्ण करायला कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही. पावसाळ्यात आपण रोज धरणसाठ्याची चौकट छापता आणि आम्ही ती सकाळी चहाबरोबर वाचतो. तिच्या शेजारी घाटस्थितीची एक लहान चौकट जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत द्यावी. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, पसरणी, कुंभार्ली, आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली आणि माळशेज या घाटांपैकी कोणता सुरू आहे, कोणता एकेरी आहे, कोणता अवजड वाहनांना किंवा सर्वांनाच बंद आहे, बंद असेल तर पर्यायी मार्ग कोणता, आणि त्या दिवशीचा हवामान विभागाचा घाटमाथ्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे, एवढे तीत असावे. जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश आज निरनिराळ्या जिल्ह्यांतून, निरनिराळ्या दिवशी निघतात आणि भोरकडून निघालेल्या माणसाला महाडच्या बाजूने काढलेला आदेश घाटाच्या तोंडाशी अडवला गेल्यावरच कळतो. गाडीत दोन मुले असताना तिथून माघारी फिरणे म्हणजे पुन्हा दीड-दोन तासांची भर. आपल्या जिल्हा वार्ताहरांकडे ही माहिती रोज संध्याकाळी असतेच. ती एकत्र छापली गेली तर शुक्रवारी रात्री सामान बांधण्यापूर्वीच आमच्यासारख्यांना ठरवता येईल की उद्या निघायचे, की मुलांना घरीच पट्ट्यांची आणि पाण्याची गोष्ट सांगत सुट्टी काढायची.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
दोन लहान मुलांची आई,
पुणे